काचेच्या तारेला चार बोटं माया

मी खोटं बोलत नाही. खरं थोडं वाढवून सांगतो, इतकंच. पण म्हैसूरच्या अग्रहारातल्या शिंपीमामांच्या कापायच्या टेबलाबद्दल वाढवायची गरजच नाही. ते इतकं लांब होतं की या टोकाला उजाडलं तरी त्या टोकाला कोंबडा झोपलेला असायचा.

मामांचं मराठी घराणं म्हैसुरात कधी आलं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी सांगलीहून एम.टेक.ला आलेला, त्यांच्या माडीवरचा भाडेकरू. वडिलांनी बजावलं होतं, "या खेपेला प्रोजेक्ट झालं नाही तर गाशा गुंडाळ आणि बेदाण्याच्या आडतीवर बस." बेदाणे मला आवडतात, पण जन्मभर ते जोखत बसायचं? त्यापेक्षा चामुंडीची टेकडी पाठीवर घेऊन हिंडलो असतो.

प्रोजेक्ट असं : काचेच्या एकाच तारेतून सगळ्यांनी एकदम बोलायचं, आणि ज्याचं त्याला पोचायचं. मामांच्या दुकानात दसऱ्याआधी हेच चालायचं. गिऱ्हाइकं अडीच भाषांत एकदम ओरडायची, मशीन खडखडायचं, आणि मामांना ज्याचा सदरा हातात त्याचंच ऐकू यायचं; बाकी सगळी गुणगुण. आमच्याकडे ओळखीची खूण म्हणजे कोड. उजेडाच्या एका लुकलुकीचे तीन तुकडे करून ते लहानमोठ्या तारांतून पुढेमागे सोडायचे. घेणाऱ्याकडे उलट्या हिशेबाच्या तारा. बरेच तुकडे वाया जातात, पण तीन नेमके एकाच क्षणी दारात येतात, आणि पडद्यावर उंच शिखर दिसतं. परक्याचा कोड आला तर नुसती खसखस सांडलेली. तारांच्या लांब्या चुकल्या की शिखर गेलं, आणि मीही गेलो सांगलीला.

प्रयोगशाळेत एवढं लांब टेबल नव्हतं, म्हणून तारेचं रीळ घरी आणलं. मी धरायचं, मामांनी टेपनं मोजून कापायचं. तार केसाहून बारीक. मी शिंकलो असतो तर श्रीरंगपट्टणला जाऊन शोधावी लागली असती. सगळं कापून झाल्यावर मी सहज मोजून पाहिलं. प्रत्येक तुकडा जास्त!

"मामा, हे काय केलंत?"

"चार बोटं माया सोडली की. शिलाईला नको?"

"अहो, काच आहे ती! काच कुणी शिवतं का?"

"अय्यो, जोडणार म्हणालास नव्हे? जोडायचं म्हटलं की माया पायजेच. वर धुतल्यावर आटली तर?"

"काच आटत नाही!"

"मग माणूस फुगतंय की. तुझंच बघ, आलास तेव्हा काडी होतास."

आतून मामी म्हणाल्या, "सुम्ने इरी! गप बसा की, रडंल ते पोरगं."

जास्तीचं छाटायला जावं आणि एखादी तार तडकली तर दुसरी आणणार कुठून? रीळ संपलं होतं. दुसऱ्या दिवशी गाईड मॅडमना सगळं सांगून मी तेच तुकडे जोडले, तेव्हा अख्ख्या प्रयोगशाळेत मला बेदाण्यांचा वास येत होता. मॅडमनी बटण दाबलं. शिखर! छताला भोक पाडून वर गेलं, असं मी सांगतो. मॅडम अजून म्हणतात, वीतभर होतं.

"पण मॅडम, सगळ्याच तारा चुकल्यात."

"सगळ्या सारख्याच चुकल्यात ना? मग उजेडाचे तिन्ही तुकडे उशिरा आले, पण बरोबरच आले," त्या कानडीत म्हणाल्या. "कापल्या कुणी?"

"घरमालकांनी. शिंपी आहेत."

"ब्लाउज शिवतात?"

पुढच्या दसऱ्याला त्या ओरडणाऱ्या गिऱ्हाइकांत मॅडमही होत्या, आणि सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच.

मी म्हैसूरलाच राहिलो. आता गावाच्या कडेला, बोगादीला घर आहे. मामा गेले. मामीही गेल्या. ते टेबल कुणी नेलं ठाऊक नाही. नेताना भिंत पाडावी लागली असणार, आणि बहुधा शेजारच्यांचीही. परवा घरी इंटरनेट जोडायला आलेल्या माणसानं भिंतीपाशी तारेचं एक वेटोळं जास्तीचं सोडलं.

"लोंबतंय ते," बायको म्हणाली, "कापायला सांगा ना त्यांना."

"राहू दे."

"कशाला?"

"धुतल्यावर आटली तर?"