मोरचूद
मोरचुदाचे निळे खडे दिसले की अजूनही मला ती सकाळ आठवते. मोडनिंबजवळ मामाची द्राक्षबाग होती आणि सुट्टीला येणाऱ्या पर्यटकांसाठी त्यानं बागेच्या कडेला पोहायचा तलाव बांधला होता. आई आणि मी तिथं राहायला गेलो त्या उन्हाळ्यात पाणी शेवाळून हिरवं पडलं. क्लोरीननं भागेना, तेव्हा मामानं द्राक्षांवर फवारायला आणलेलं मोरचूद ओंजळी भरभरून आत टाकलं, आणि तळाची फरशी लखलखायला लागली. डॉक्टरांनी आईला गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलं होतं. ती रोज सकाळी उतरायची, डोकं बुडवून लहान मुलीसारखी खिदळायची. एका सकाळी ती उन्हात केस वाळवत बसली आणि माझ्या हातातला कप खाली पडला. तिचे पांढरेशुभ्र केस पार हिरवे झाले होते, कच्च्या द्राक्षांसारखे. "अक्का, तुझी केसं!" एवढं बोलून मामानं डॉक्टरांना फोन लावला. बहिणीला विष भिनलं असंच त्याला वाटलं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की मोरचुदातलं तांबं केसांना चिकटलंय, जिवाला धोका नाही. "सगळं पाणी सोडून देतो," तो म्हणाला. आईनं आरशात केस पाहिले आणि आरसा बाजूला ठेवला. "सोड, पण लगेच परत भर. लई दिवसांनी गुडघं गप बसल्यात. केसांचं काय, पदर घेते की." परवा खताच्या दुकानात ते खडे दिसले आणि माझा हात आपोआप डोक्यावर गेला. केस माझेही पांढरे झालेत. पदर मात्र मी कधीच घेतला नाही.