टोळीच्या अध्यक्षपदाचे उमेदवार

आमच्या शेजारच्या भाऊजींनी जन्मात एकही गोष्ट ठरावाशिवाय केलेली नाही. करी रोडच्या चाळीत त्यांची खोली आमच्या खोलीला लागून. चहा हवा असला तरी दारात उभे राहून म्हणणार, "वहिनी, चहाचा ठराव मांडतोय. अनुमोदन?" बायको होती तेव्हा ती आतून ओरडायची, "फेटाळला!" ती गेल्यापासून फेटाळणारं कोणी उरलं नाही, म्हणून मी मुकाट्याने आधण ठेवते. चाळीच्या उत्सव मंडळात हा माणूस बावीस वर्षं उपाध्यक्ष. अध्यक्ष कधीच नाही. दर वर्षी कोणीतरी म्हणायचं, "पुढल्या खेपेला भाऊजीच," आणि भाऊजी मान डोलावून मांडवाच्या दोऱ्या ताणायला जायचे.

निवृत्त झाल्यावर पुतणीने त्यांना फोनवर एक खेळ लावून दिला. गावोगावची बावीस माणसं आपापल्या घरी बसून एक टोळी करतात, कोणी योद्धा होतं, कोणी जादूगार, आणि मिळून राक्षसांशी लढतात. भाऊजी त्यात वैद्य झाले. आपण कोणाला मारायचं नाही, पडलेल्याला मलम लावायचं. लढाईआधी चूळ भरून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत, आता बोला! फोनमधून पोरं केकाटायची, "काका, मलम द्या ना, मेलो!" काका शांतपणे सांगायचे, "रांगेने या."

मग टोळीचा म्होरक्या लग्न ठरलं म्हणून खेळ सोडून गेला. पोरांचं म्हणणं, जो सगळ्यात जोरात मारतो तो नवा म्होरक्या. भाऊजी म्हणाले, "असं चालत नाही. सभा घ्या, उमेदवार द्या, गुप्त मतदान करा." पोरांनी ऐकलं. नावं दोन आली. एक सोलापूरची नर्सिंग शिकणारी मुलगी, आणि दुसरे चक्क भाऊजी! मला दारातच म्हणाले, "वहिनी, पोरांनी माझं नाव सुचवलंय. मी नव्हतं हां सांगितलं." असा चेहरा मी त्यांचा लग्नाच्या फोटोतही पाहिला नव्हता. पुढे आठवडाभर गॅलरीत येरझारा घालत आभाराचं भाषण पाठ करत होते.

मतदान रविवारी सकाळी. भाऊजींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, दुसऱ्यानेही धड दिसेना, म्हणून फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर दोन नावं. मी बोट त्यांच्या नावावर नेलं.

"थांबा. तिच्या नावावर दाबा."

"भाऊजी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आपल्या मंडळात उमेदवार एकमेकांना मत देतात. स्वतःला द्यायचं नसतं. दाबा बघू."

दाबलं. आता सोलापूरच्या पोरीला आमच्या मंडळाची रीत कुठून ठाऊक? तिने आपलं मत आपल्यालाच दिलं असणार. तिला अकरा, भाऊजींना दहा. आमचं ते एक मत इकडे पडलं असतं तर आकडे उलटे होते.

भाऊजींनी खाकरून अभिनंदनाचा ठराव मांडला. पोरगी म्हणाली, "काका, नाराज नाही ना?"

"छे गं बाळा. मलम आधी कोणाला लावायचं, तेवढं सांगत जा."

मला मात्र बजावलं, "गुप्त मतदान आहे, वहिनी. कुठे बोलायचं नाही."

मी नाही बोलले. चार दिवसांनी दुपारी त्यांच्या डोळ्यात औषध घालत होते. थेंब पडल्यावर डोळे मिटून म्हणाले, "तुमचं बोट चुकून माझ्या नावावर पडलं असतं, तर मला काही दिसलं नसतं."

"तुम्ही विश्वासाने फोन दिला होतात, भाऊजी."

"हां. ते आहेच," म्हणाले, आणि तसेच मिटल्या डोळ्यांनी बसून राहिले.

एवढ्या वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे चहापलीकडे काही मागितलं नव्हतं. त्या रविवारीही मागितलं नाही. पण आपल्याला कळायला हवं होतं.