एका चुलीला एक पाटी

घोड नदीतले झिंगे कमी होत चालले, तेव्हा आम्हा काठच्या भोयांची देवळात बैठक बसली. ठरलं असं, की आठवड्याला एका चुलीमागं एक पाटी झिंगे धरायचे, जास्त नाही. सगळ्यांना पटलं. मग ज्यांच्या शब्दावर आमची आळी चालते त्या आबांनी विचारलं, तुमच्या घरात चुली किती?

माझा नवरा म्हणाला एक, थोरले दीर म्हणाले दोन. खोटं कुणीच बोलत नव्हतं. मी घरात गॅसवर कालवण करायची, जाऊबाई अंगणातल्या चुलीवर भाकरी थापायच्या, आणि जेवायला आम्ही सगळे एकत्रच बसायचो.

आबा म्हणाले, "येगळं खात असाल तर दोन. न्हाईतर एकच."

घरी आल्यावर दीरांनी तोड काढली. लोकांना दाखवण्यापुरतं वेगळं खायचं. पीठ-मिठाचे डबे वाटून घेताना आम्ही दोघी जावा हसत होतो. जाऊबाई मला गमतीनं 'शेजारीणबाई' म्हणायला लागल्या. दोन पाट्या दौंडच्या बाजारात जायला लागल्या.

पुढं एका आठवड्यात दीरांच्या जाळ्यात काहीच आलं नाही. आमची पाटी भरली होती. नवऱ्यानं त्यातले निम्मे झिंगे त्यांच्यासाठी काढले, पण दीरांनी घेतले नाहीत. एका चुलीचे दुसऱ्या चुलीला कसे चालतील, म्हणाले. ते नियमाला धरून बोलले की रागानं, मला कळेना. नवऱ्यालाही कळलं नाही. त्यानं काढलेले झिंगे परत पाटीत टाकले.

मी अंगणात जाऊन जाऊबाईंना विचारलं, "अक्का, आपण खरंच येगळं झालोय का?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "मला वाटलं, तुला ठाव हाय," म्हणाल्या.

आता झिंगे थोडे वाढलेत. काहीजण म्हणतात नियमानं, काहीजण म्हणतात यंदा धरणातून पाणी सुटलं म्हणून. नियम तसाच चालू आहे. पोरं जिथं भूक लागेल तिथं जेवतात. परवा मीही ताट घेऊन जाऊबाईंच्या चुलीपाशी बसले. त्यांनी वाढलं, आणि पूर्वी न विचारताच वाढायच्या त्यांनी पाहुणीला विचारावं तसं विचारलं, "आणखी घेणार का?"