दुपारच्या चंद्राची एकादशी

माझ्या आईला तिथी बघायला भिंतीवरचं कॅलेंडर लागत नसे. संध्याकाळी ती पंचवटीतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांसमोरच्या ओट्यावर यायची, पदराने हात पुसत वर बघायची आणि म्हणायची, "आज षष्ठी. भोपळा संपवायला हवा, परवा अष्टमीचा उपास." चंद्राची कोर किती भरली आहे यावरून तिचा आठवडा ठरायचा. कधी खीर करायची, कधी धान्याचं निवडण टाकायचं, कोणत्या दिवशी लेकीला घोटीला सासरी पाठवायचं नाही, हे सगळं तिला वर दिसायचं.

वडील शाळामास्तर. त्यांचं सगळं तारखेवर. ते आईला चिडवायचे, "तुझ्या चंद्राला हजेरीपट नाही, म्हणून तो दरवर्षी अकरा दिवस लवकर घरी जातो." आई म्हणायची, "जातो, पण तीन वर्षांनी अख्खा महिना भरून देतो. तुमच्या शाळेत कोण देतं?" अधिक महिना आला की ती जावयासाठी अनारसे करायची. तिच्या लेखी तो चंद्राने परत केलेला महिना होता, आणि त्यातला गोड भाग घोटीच्या जावयाचा.

हे मी आता आठवतो तेव्हा त्या ओट्यावरचा उजेड कुठला होता ते मला सांगता येत नाही. दिव्याचा होता की चंद्राचा. माझं वय शहात्तर आहे आणि बऱ्याच गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. पण एक दुपार मिसळलेली नाही. तिच्याबद्दल मी पंचेचाळीसहून जास्त वर्षं खोटं बोललो. ते खोटं इथे लिहून ठेवतो.

वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी सरकारी कचेरीत कारकून होतो आणि लग्न व्हायचं होतं. चार महिने ते खाटेवर होते. आईने त्या चार महिन्यांत उंबरा ओलांडला असेल तर नळापर्यंत. माघ शुद्ध एकादशी आली. देवळात दुपारी कीर्तन होतं. मीच तिच्या मागे लागलो. रजा होती मला. म्हटलं, तू जा, मी बसतो. तिने तीन वेळा विचारलं, आणि तीनही वेळा मी म्हणालो, "मी बसतो."

ती गेली आणि मी अर्धा तास बसलो. वडील झोपले होते, श्वास नेहमीसारखा होता. सव्वा वाजता मी दाराला बाहेरून कडी घातली आणि देवळाली कॅम्पची बस पकडली.

कॅम्पात फौजी लोकांच्या बदल्या व्हायच्या तेव्हा ते सामान विकून जायचे. कपाटं, पंखे, पाळणे, आणि कधी कधी स्कूटर. माझ्या कचेरीतल्या एकाने सांगितलं होतं की एक सुभेदार आठवड्याच्या आत निघणार आहे आणि त्याची स्कूटर नव्यासारखी आहे. मला वाटलं, तासाभरात बघून येऊ. सुभेदारांनी चहा पाजला, मग म्हणाले, चालवून बघ. तिथले रस्ते सरळ, दोन्ही बाजूंना मोठाली झाडं, माणूस नाही, काही नाही. मी एक फेरी मारली. मग दुसरी. मग तिसरी. थंडीतलं ऊन पानांमधून अंगावर पडत होतं, हवा कानांवरून जात होती आणि मला चार महिन्यांत पहिल्यांदा घराची आठवण नव्हती. इतकं हलकं मला आयुष्यात फार वेळा वाटलेलं नाही. हेही लिहायलाच हवं.

परतीच्या बसची वाट बघत उभा होतो तेव्हा पूर्वेला, झाडांच्या बरंच वर, चंद्र दिसला. दिवसाढवळ्या, पांढरा, ढगाचा तुकडा राहून गेल्यासारखा. आईने लहानपणी शिकवलं होतं की शुद्ध पक्षातल्या एकादशीचा चंद्र दुपारीच उगवतो, फक्त कुणी बघत नाही. मला गंमत वाटली. घरी गेल्यावर तिला सांगू, असं मनात आलं.

कडी काढली तेव्हा पाच वाजत आले होते. वडील तसेच होते, पण तसेच नव्हते. हात लावला. कोपरापर्यंत गार.

मग मी जे केलं ते सांगतो. देवापुढची तुळस आणली, पाणी आणलं आणि त्यांच्या ओठांवर घातलं. ते आत गेलं नाही, गालावरून उशीवर उतरलं. मी ते पुसलं. तेवढ्यात आई दारात आली. हातात प्रसादाची पुडी होती. तिला सांगावं लागलं नाही. तिने फक्त विचारलं, "तू जवळ होतास ना?"

"हो."

"पाणी घातलंस?"

"हो."

"कधी?"

"आत्ताच. पाचला."

तीन वेळा बसतो म्हणालो होतो, त्याची ही तीन उत्तरं.

थोड्या वेळाने डॉक्टर आले. त्यांनी वडिलांची हनुवटी धरून हलवून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. हात धुवायला मागच्या मोरीत आले तेव्हा हळूच म्हणाले, "तीन तास तरी झालेत रे." मी टॉवेल पुढे केला. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "तू मुलगा आहेस. तू सांगतोस तर पाच लिहितो."

रात्री गुरुजी आले. त्यांनी वेळ विचारली, पंचांग उघडलं आणि बोट फिरवत सांगितलं की एकादशी तीन अठराला संपली. पाच म्हणजे द्वादशी लागली होती. वर्षश्राद्ध माघ शुद्ध द्वादशीला करायचं.

आई भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. म्हणाली, "थोडक्यात हुकली."

ज्यांना या गोष्टींचं काही वाटत नाही त्यांना सांगतो. आई जन्मभर एकादशी धरत आली होती. एकादशीला मरण येणं म्हणजे तिच्या लेखी देवाने स्वतः दार उघडणं. चार महिने तिने नवऱ्याची सेवा केली, त्याचं काही मागितलं नाही. दार उघडं असताना तो जाऊ शकला असता आणि पावणेदोन तासांनी चुकला, हे तिच्या मनात बसलं. डॉक्टरांच्या हिशेबाने तो चुकला नव्हता. तो अडीच-पावणेतीनच्या सुमाराला गेला होता, एकादशी चालू असताना, एकटा, बाहेरून कडी घातलेल्या खोलीत. तिला एकादशी द्यायची तर मला ती कडीही द्यावी लागणार होती. मी दोन्ही ठेवून घेतली.

ती स्कूटर मी घेतली. सुभेदारांची बदलीची तारीख पुढे गेली म्हणून तेरावं झाल्यावरही ती त्यांच्याकडेच होती. पुढे वीस वर्षं दर एकादशीला आई त्या स्कूटरवर माझ्यामागे बसून देवळात गेली. एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्यात फुलांची पिशवी. कधी पुलावर, कधी उतारावर, मागून तिचा आवाज यायचा, "थोडक्यात हुकली बघ त्यांची." मी आरसा नीट करत असे.

मी सांगायला गेलो नाही असं नाही. एकदा अगदी ओठांवर आलं होतं. तेव्हा आम्ही गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो आणि आई ऐंशीच्या पुढे होती. भाद्रपदातली संकष्टी. चंद्रोदयाची वेळ होऊन अर्धा तास झाला तरी आकाश काळंच. लिफ्टने तिला गच्चीवर नेलं होतं. निरांजन विझू नये म्हणून ताटावर हाताचा आडोसा धरून ती उभी, पोटात दिवसभर काही नाही. मी म्हटलं, आई, दिशा बघून ओवाळ आणि जेव. इमारतीतल्या सगळ्या बायका ओवाळून खाली गेल्या होत्या. ती ढगांकडे बघत म्हणाली, "तो तिथं आहे रे. आपल्याला दिसत नाही एवढंच." आणि पूर्वेला ओवाळलं. मला वाटलं, हिला सांगावं, अशीच एक एकादशी ढगाआड आहे. मी "आई" म्हणालो. ती म्हणाली, "काय रे?" मी म्हणालो, "फरशी ओली आहे, जपून."

ती अकरा वर्षांपूर्वी गेली. वद्य सप्तमी, सकाळी सात दहा. त्या वेळेत काही शंका नाही, तिचा हात माझ्या हातात होता.

यंदा माघात सूनबाई तिच्या मोबाईलमध्ये घरातल्या सगळ्या तिथी भरत बसली होती. मागच्या वर्षी घोटीहून ताई आली म्हणून वडिलांचं श्राद्ध विसरता विसरता राहिलं होतं, म्हणून तिनेच हे काम अंगावर घेतलं. त्या मोबाईलला तारीख पुरत नाही, गाव आणि वेळही लागते. तिने विचारलं, "बाबा, आजोबांची वेळ किती टाकू?"

"पाच."

"द्वादशी दाखवतंय. बरोबर."

मी गॅलरीत गेलो. कुंड्यांना पाणी घातलं, सकाळी घातलं होतं तरी. परत आत आलो आणि म्हटलं, "अडीच टाकून बघ."

तिने टाकलं. मान वर केली. "एकादशी येतेय. बाबा, पाच की अडीच?"

मी तिला म्हटलं, ताई येऊ दे, आधी तिला सांगायला हवं. सूनबाईने मोबाईल उलटा ठेवला आणि आणखी काही विचारलं नाही. मला ती त्या क्षणी फार आवडली.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्न होऊन घोटीला गेली ती तिथलीच झाली, बोलणंसुद्धा तिकडचं. दरवर्षी श्राद्धाच्या आदल्या दिवशी ती शेतातला नवा तांदूळ घेऊन येते. यंदाही आली, एकादशीच्या दुपारी, नातवाच्या गाडीतून. तिला वरईचा भात आणि दाण्याची आमटी वाढली. मग आम्ही दोघं गॅलरीत बसलो. समोरच्या इमारतीच्या टाकीवर चंद्र आला होता, तसाच, ढगाचा तुकडा राहून गेल्यासारखा. तिने तो पाहिला नव्हता. मी दाखवला आणि मग सगळं सांगितलं. स्कूटर, तीन फेऱ्या, कडी, उशीवर उतरलेलं पाणी.

तांदळाची पिशवी ताईच्या मांडीवर होती, तिच्या दोरीची गाठ ती सोडत होती आणि परत बांधत होती. मला वाटलं ती उठून जाईल. तिने तसं केलं असतं तर मला चाललं असतं.

शेवटी म्हणाली, "एकादशीचं श्राद्ध आपल्यात बारशीलाच घालत्यात, तुला ठावं नाय?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. ती सांगत गेली. एकादशीला आपल्या घरात धान्याचं अन्न शिजत नाही, पान कशाचं वाढणार? म्हणून ते दुसऱ्या दिवशी घालतात. तिच्या सासऱ्यांचं तसंच आहे. मी पाच म्हणालो असतो काय आणि अडीच म्हणालो असतो काय, वडिलांचं पान इतकी वर्षं ज्या दिवशी पडलं त्याच दिवशी पडलं असतं.

"म्हणजे दादांचं काही बिघडलं नाय," ती म्हणाली. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. "जे बिघडलं ते आईचं. तिला सांगायला पायजे होतं तू. तिनं तुला मारलं नसतं."

"माहीत आहे."

"लय वेळा बोलायची ती. मरेस्तोवर."

"माहीत आहे, ताई."

ऊन उतरलं, टाकीवरचा चंद्र हळूहळू उजळत गेला, जणू कुणी तो फुंकर घालून पेटवत होतं. खाली भाजीवाला ओरडत गेला. आम्ही दोघं म्हातारी माणसं तिथे बराच वेळ बसून होतो आणि मला मधूनच वाटत होतं की आत आई निवडण टाकते आहे, आता बाहेर येईल आणि वर बघून सांगेल, आज काय ते.

सकाळी गुरुजी आले. हे नवे, पूर्वीच्या गुरुजींचे पुतणे. पान मांडलं. ताईच्या तांदळाची खीर, वडे, भाज्या. वडिलांच्या फोटोशेजारी आईचा फोटो होता. गुरुजींनी संकल्प सुरू केला आणि सवयीने विचारलं, "मृततिथी द्वादशी ना?"

खोलीत मुलगा होता, सूनबाई होती, ताई खिरीचं पातेलं घेऊन दारात उभी होती. मी म्हणालो, "नाही. एकादशी. अडीचच्या सुमाराला गेले. मी जवळ नव्हतो. मी घराला कडी घालून बाहेर गेलो होतो."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. ताईने मान हलवली. ते म्हणाले, विधीत तसा फरक पडत नाही, आणि पुढे सुरू झाले. मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याच्याशी बोलायला मला बसायचंच आहे.

ताई आत आली. खाली वाकून तिने पानावर खीर वाढली. उठता उठता गुडघा धरला आणि आईच्या फोटोकडे बघून, शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगावं तशा आवाजात म्हणाली, "ऐकलं का गं? नव्हती हुकली."

मग तिने मला पाण्याचा तांब्या दिला.