साहेबाच्या चाकाला ठिगळ

सायकलची रबरी नळी फुगवली की तो ती आधी गालाला लावायचा. डोळे मिटून नळी हळूहळू फिरवायचा आणि एका जागी थांबून म्हणायचा, "हितं रडतंय बघ." गिऱ्हाईक म्हणे, कानाला लाव, लवकर कळेल. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असे, "कान रस्त्याचा, गाल आपला." आमचं दुकान गिरगावच्या हमरस्त्यावर. ट्रामच्या घोड्यांच्या टापा, घंटा, भाजीवाल्यांच्या आरोळ्या, यांत नळीतून निसटणारी वाऱ्याची झुळूक ऐकू येणं अशक्यच होतं.

मी त्या दुकानात हिशेबनीस होतो. दुकान एका पारशी शेटजींचं. विलायतेहून सायकली येत, हौशी वकील-डॉक्टर आणि गोरे लोक त्या घेत. वाऱ्याचे टायर तेव्हा नवे होते आणि ते दुरुस्त करणारा माणूस शोधून सापडत नव्हता. शेटजींनी याला माझगावच्या गोदीतून आणला. जातीचा कोळी. होड्यांच्या फळ्यांमधल्या फटी कापूस आणि राळ भरून बुजवण्यात त्याचा जन्म गेलेला. "होडीत पाणी आत येतं, ह्यात वारं भाईर जातं. गळती ती गळतीच," असं तो म्हणे. स्वतःची होडी त्याच्या नशिबी कधी नव्हती, तरी आम्ही त्याला नाखवा म्हणत असू. हाकेत थोडी थट्टा होती. ती त्याला कळत होती आणि तरी तो ओ देत होता.

गिऱ्हाइकांना तो बेधडक बोले. एक तरुण वकील परळच्या पलीकडे शेतांच्या बांधांवरून सायकल दामटायचे आणि दर आठवड्याला बाभळीच्या काट्यांनी चाळण झालेलं चाक घेऊन यायचे. नाखवा चाकाकडे बघून म्हणायचा, "वकीलसाब, तुमी बैल घ्या. त्याला काटा लागला तर तो सोता थांबतो." वकील हसत. शेटजी मात्र आत तोंड लपवीत.

त्याची बायको गिरगावच्या बाजारात मासळी विकायची. जाता जाता टोपली दुकानाच्या पायरीवर टेकवून ती त्याच्यावर तोंडसुख घेई. "माजे मासलीचा वास येतो म्हणून बामणी नाक मुरडतात. तुज्या रबराचा वास तर मासलीला बी सोसत नाय!" तो मान वर न करता रबराचा चीक लावत राही. ती गेली की मला म्हणे, "बोलली म्हंजे बरी हाय. गप असली की मना भ्या वाटतं."

मग गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, मुंबईत शिरला. तुमच्यापैकी जे तेव्हा इथे होते त्यांना त्याचं वर्णन करायला नको. वाड्यावाड्यांतून झडत्या सुरू झाल्या. आजारी सापडला की डोलीत घालून इस्पितळात, आणि तिथून परत आलेला माणूस कोणी पाहिलेला नव्हता. लोक आजारी लपवू लागले. नाखवाच्या वाडीत झडतीसाठी जो गोरा डॉक्टर येई, तो आमच्याकडच्याच सायकलीवर हिंडे.

एका सकाळी त्याचा शिपाई ती सायकल ढकलत घेऊन आला. मागच्या टायरवर हातभर लांब, सरळ चीर होती. बाहेरचं रबर, आतलं कापड, नळी, सगळं एका रेषेत फाटलेलं.

"कसा फाटला रे?" शेटजींनी विचारलं.

नाखवाने चिरेवरून अंगठा फिरवला. "दगड," तो म्हणाला.

शेटजी आत गेले तसा तो माझ्याकडे वळला. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "मेहताजी, हा माज्या घरचा कोयता हाय. साहेबानं शेजारचं पोर उचललं, सायकल भिंतीला होती. हिनं घाव घातला."

नवा टायर दुकानात नव्हता. आगबोटीने येईपर्यंत महिने गेले असते. हा दुरुस्त होणार नाही, एवढं त्याने म्हटलं असतं तर शेटजींनीही मान डोलावली असती. दुपारी वाडीतले दोन म्हातारे आले आणि पायरीखाली उभे राहिले.

"नाखवा, जमत नाय म्हणून सांग. तुला कोण विचारतंय?"

"चाक नसलं तर साहेब घोडागाडीतून येल."

"येऊ दे. गाडी गल्लीत शिरत नाय. तवर माणूस लपवता येतो."

"आन लपवून काय केलंव?" नाखवाचा आवाज चढला. "कोपऱ्यावरच्या घरात एक लपवला, आख्खं घर गेलं. तुमीच उचलली ना प्रेतं?"

म्हातारे माघारी वळले. त्यांतला एक जाताना पायरीवर थुंकला.

नाखवाने मेणलावल्या दोऱ्याने आतलं कापड शिवलं. टाके इतके जवळ की नख शिरू नये. वर कापडाची पट्टी, तिच्यावर रबराची, चीक लावून रात्रभर वजनाखाली दाबून ठेवली. त्याच्या हातून झालेलं इतकं सुंदर काम मी दुसरं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेब सायकलीवर बसून निघून गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नाखवाची बायको तापली. गाठ होती की साधा हिवताप, हे आता कोणालाच कळायचं नाही. वाडीतल्या म्हाताऱ्यांना तोंडावर सुनावणाऱ्या त्या माणसाने काय केलं असेल? त्यानेही तिला लपवलं. माळ्यावर, जुन्या जाळ्यांच्या ढिगामागे. दुकानात तो रोज येत होता, मी विचारलं तर म्हणत होता, "बाजारात गेलीय."

वाडीतल्याच कोणीतरी साहेबाला खबर दिली. कोणी ते नाखवाला ठाऊक होतं. नाव त्याने शेवटपर्यंत घेतलं नाही. साहेब शिपायांना घेऊन सरळ त्याच्याच दारात आला, त्याच सायकलीवरून. तिला डोलीत घातलं तेव्हा ती एक शब्द बोलली नाही, एवढंच त्याने मला सांगितलं. बाकी काही सांगायची गरज नव्हती.

इस्पितळाच्या फाटकातून त्याला आत सोडत नव्हते. सकाळी तो तिथे उभा राही आणि मग दुकानात येऊन कामाला बसे. अशातच साहेब स्वतः दुकानात आला. आला तो राक्षस असावा अशी माझी फार इच्छा होती. तसा तो नव्हता. झोपेविना डोळे लाल झालेला, टोपी काढून घाम पुसणारा एक थकलेला माणूस होता. तो चाकाकडे बोट दाखवून शेटजींशी इंग्रजीत बोलला.

शेटजी खूश होऊन वळले. "अरे नाखवा, साहेब बोलते, तुझा ठिगळ नवीन टायरपेक्षा मजबूत. सगळी वाडी फिरला, काय नाय झाला!"

नाखवा उठून उभा राहिला. "शेटजी, साहेबाला विचारा, माजी बायको कशी हाय?"

शेटजी गडबडले, पण त्यांनी विचारलं. साहेबाने नाव विचारलं. आपल्याकडे नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. नाखवाने घेतलं, मोठ्याने, दोनदा. ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं आणि इथे लिहिणार नाही. साहेबाने कपाळाला आठ्या घातल्या, खरोखर आठवायचा प्रयत्न केला आणि मान हलवली. रोज कितीतरी नेले जातात, इस्पितळात चौकशी करा, असं काहीतरी तो म्हणाला. मग त्याने टोपी घातली आणि सायकल बाहेर काढली.

संध्याकाळी फाटकावरच्या भंग्याने नाखवाला सांगितलं. ती आणली त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेली होती. जाळूनही टाकली होती.

त्यानंतर तो दुकानात आला नाही. शेटजी चार दिवस हळहळले, मग चाकं गोदीजवळच्या एका लोहाराकडे पाठवू लागले. मी एका रविवारी त्याची सुई-दोऱ्याची पेटी घेऊन माझगावला गेलो. वाडीत कोणी त्याचं घर दाखवेना. नाव काढलं की बायका दार लोटून घेत. ज्यांची माणसं कोयत्याच्या त्या घावाने काही दिवस वाचली असती, त्यांनी त्याला वाळीत टाकला होता. ज्याने खबर दिली, तोही त्यांतच असणार. अखेर एका म्हातारीने हाताने घराची दिशा दाखवली. "गेला तो. अलिबागेच्या अंगाला, कोनाच्या तरी होडीतून. परत नाय येयाचा."

घराचं छप्पर नव्हतं. रोगाच्या घरात ऊन शिरावं म्हणून सरकारी माणसांनी कौलं उतरवून नेली होती. भिंतींना चुना फासलेला होता. आत चुलीवर, पाट्यावर, माळ्याच्या उघड्या वाशांवर भर दुपारचं लख्ख ऊन पडलं होतं. कोणा शेजाऱ्याने भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या बांधून तिथे आपले बोंबील सुकत घातले होते.