कॅमेऱ्याला तेल

आमच्या घरात काहीही अडलं की त्याला तेल घालतात. पंखा कुरकुरला, तेल. कुलूप फिरेना, तेल. शाळेत असताना माझं डोकं गणितात चालेना, तेव्हा आईने त्यावरही तेलच थापलं होतं. त्याचा उपयोग किती झाला ते माझ्या प्रगतिपुस्तकाने सांगितलं. बाबा गिरणीत फिटर. गिरणी बंद पडली, भोंगा गेला, पण लांब चोचीची तेलाची बुधली मात्र बाबांबरोबर घरी आली आणि कपाटात मानाने राहिली.

यंदा परळची आमची चाळ रिकामी करायची वेळ आली. पलीकडे टॉवर तयार झालाय, चाव्या मिळाल्यात. जायच्या आधी मजल्यावरच्या सगळ्यांची गॅलरीत बैठक बसली. मी शीवला राहतो, पण त्या दिवशी नेमका आलो होतो. समोरच्या खोलीतली वहिनी म्हणाली, "एक शेवटचा फोटो काढूया सगळ्यांचा. मोबाइलवर."

तसे बाबा उठले. वय ऐंशीच्या घरात, पण आवाज अजून गिरणीतल्या साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटावर मात करणारा.

"मोबाइल नको. या मजल्यावरची बारशी, लग्नं, सगळे फोटो मी काढलेत. हा पण मीच काढणार. माझ्या कॅमेऱ्याने."

टाळ्या पडल्या. रविवार ठरला. बाबांचा कॅमेरा म्हणजे गल्फहून आलेल्या एका शेजाऱ्याकडून घेतलेला, फिल्मचा, विटेएवढा जड. वर्षानुवर्षं कपाटात पडून होता. का वापरत नाही विचारलं की बाबा सांगायचे, "फिल्म मिळत नाही." म्हणून मीही उत्साहात सगळ्यांसमोर बोललो, "बाबा, हल्ली मिळते फिल्म. पोरं हौसेने वापरतात. मी आणतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर कौतुकाची आहे असं मला वाटलं. मला पुष्कळ नजरा कौतुकाच्या वाटतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेरा माझ्या हाती दिला. "जरा बघ. पण उघडू नको."

घरी येऊन मी तो सगळ्या बाजूंनी दाबून पाहिला. बटण दाबलं की आवाज व्हायचा, पण भिंगाच्या आत ज्या बारीक पोलादी पाकळ्या असतात, ज्या उघडून मिटल्या म्हणजे फोटो निघतो, त्या हलत नव्हत्या. आता गिरणीवाल्याचा मुलगा अशा वेळी काय करणार? बायकोच्या शिलाई मशीनचं तेल घेतलं, पुढची कडी सोडवली आणि काडीच्या टोकाने सोडले थेंब.

बायको दारात उभी राहून बघत होती. "अहो, तो कॅमेरा आहे की कढई?"

"मशीन आहे. मशीनला तेल लागतं."

पाकळ्या उघडल्या! मी विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिलं. मग त्या मिटेनात. मग अर्ध्या मिटल्या आणि तशाच राहिल्या, जेवून सुस्तावलेल्या पाहुण्याच्या डोळ्यांसारख्या.

"आता बाबांना सांगा," ती म्हणाली.

"वेडी आहेस का?"

पन्नाशी उलटलेला, दोन मुलांचा बाप मी. पण बाबांची वस्तू बिघडवली की माझं वय आपोआप आठ होतं. शिवाय प्रश्न वस्तूचा नव्हता. बाबांनी अख्ख्या मजल्यासमोर शब्द दिला होता. रविवारी सगळे नटून उभे राहणार आणि बाबा हात हलवत येणार, हे चित्र डोळ्यांसमोरून जाईना.

ठाकूरद्वारच्या एका वाडीत पहिल्या मजल्यावर एक कॅमेरे दुरुस्त करणारे गृहस्थ बसतात, असं कळलं. गेलो. गृहस्थ भरपूर बोलके, आणि त्यातलं बरंचसं स्वतःबद्दल. माझ्या हातातला नग घेताना त्यांनी अशी मान हलवली, की कॅमेऱ्याआधी मीच तपासला गेलो. पुढची कडी काढली, डोळ्याला भिंग लावलं आणि विचारलं, "तेल कोणी घातलं?"

"तेल?" मी म्हणालो. मला नाटकात कधीच काम का मिळालं नाही ते तेव्हा कळलं.

"साहेब, या पाकळ्या कोरड्या ठणठणीत लागतात. तेलाने एकमेकींना चिकटतात. तुम्ही काय, अभ्यंगस्नान घालत होता?" असं म्हणून ते पुन्हा भिंगात वाकले, आणि थांबले. "थांबा हां. वरचं हे तुमचं, ताजं. याच्या खाली आणखी एक थर आहे. जुना. पार डिंक झालाय त्याचा. आणि त्यात हे लाल काय?"

चिमट्याच्या टोकावर त्यांनी एक कण काढून कागदावर ठेवला. बोटाने पुसला. लाल रेघ उमटली.

"कुंकू!" ते म्हणाले.

आणि मला आमच्या खोलीतली खंडेनवमी दिसली. पाटावर नटबोल्टचे पाने, हातोडी, पक्कड, आईची कात्री, आणि मधोमध कॅमेरा. आदल्या दिवशी बाबा एकेका हत्याराला पुसून तेलपाणी करायचे. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल. एका दसऱ्याला कॅमेऱ्यालाही तेल मिळालं असणार, भक्तिभावाने, सढळ हाताने. त्यानंतर "फिल्म मिळत नाही." अरे, तेव्हा तर फिल्म कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा लटकलेली असायची! आमच्या घरात हे कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही?

"होईल का दुरुस्त? रविवारी पाहिजे."

"माझ्याकडून होत नाही असं काही आजवर आलेलं नाही," गृहस्थ म्हणाले. "चहा सांगा. आणि घरातल्या सगळ्या तेलांना सांगा, याच्यापासून लांब."

शनिवारी कॅमेरा घेऊन चाळीत गेलो. बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. आई हळूच म्हणाली, "आठवडाभर धड जेवले नाहीत. खोली सोडायची म्हणून असेल."

बाबांनी तिला चहा करायला आत पाठवलं. जिवाभावाचं काही असलं की बाबा मालवणीवर येतात. ती आत गेल्यावर म्हणाले, "चलता?"

मी कॅमेरा त्यांच्या कानाशी धरून बटण दाबलं. खट्ट. स्वच्छ, कोरडा आवाज. बाबांनी डोळे मिटले. मग विचारलं, "त्येना काय सांगल्यान?"

"कोणी?"

"दुरुस्तीवाल्यान."

"म्हणाला, आत तेल होतं."

खाली कोणीतरी टेम्पोत कपाट चढवत होतं. आम्ही दोघं ते कपाट फार बारकाईने बघू लागलो. आणि मग एकाच वेळी बोललो.

"मीच घातलं, बाबा."

"मियाच घातलंय रे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. "तू पण?" ते म्हणाले, आणि असे हसायला लागले की खुर्ची करकरली.

"मग एवढ्या लोकांसमोर बोललात कशाला?"

"सगळे मोबाइल मोबाइल करीत होते. तोंडातून गेला. वाटला, फिल्मच मिळाची नाय. तर तू मेल्या, आणतंय म्हणून उभो!"

आई चहा घेऊन आली. "काय झालं एवढं?"

"काय नाय," बाबा म्हणाले. "खावक काय हा?" आई लगबगीने पोहे करायला परत आत वळली.

रविवारी सगळा मजला कठड्याला रेलून उभा राहिला. मी आणि बाबा खाली चौकात. कॅमेरा विटेएवढा जड, म्हणून तो माझ्या खांद्यावर टेकवला. फोटोग्राफीतलं माझं एकूण योगदान एवढंच: मी स्टँड होतो आणि मला श्वास घ्यायला मनाई होती.

"काका, भिंगावरची टोपी काढलीत ना?" वहिनी वरून ओरडली. "माझ्या डोहाळजेवणाचा अख्खा रोल काळा आला होता!"

"गप ऱ्हव गो! दात दाखव!"

खट्ट. मग मला वर पिटाळून, चौकातल्या नळाच्या कठड्यावर कॅमेरा टेकवून आणखी एक. खट्ट.

पण फिल्मचं असं असतं, की खट्ट झालं म्हणजे फोटो आला असं नाही. रोल दादरच्या लॅबमध्ये टाकला आणि येईपर्यंत रोज फोन करून लॅबवाल्यांना भंडावलं. शेवटी काउंटरवरच्या मुलीने निगेटिव्हची पट्टी उजेडाच्या पेटीवर पसरली. "आलंय की, अंकल. मस्त."

वाकून पाहिलं. कठडा, दारं, दोऱ्यांवरचे कपडे, सगळी माणसं. निगेटिव्हमध्ये म्हाताऱ्यांचे केस काळेभोर आणि पोरांचे पांढरे. वहिनीचे दात काळे. एकही जण सुटला नव्हता. मी सगळी डोकी पुन्हा एकदा मोजली. तिथूनच फोन लावला.

"बाबा, फोटो आला."

"सगळे इले?"

"सगळे."

"दिसतत?"

"स्पष्ट. वहिनीचे दात पण."

पलीकडे बाबांनी आईला ओरडून ही बातमी दिली. मग अगदी सहज बोलल्यासारखं, "यंदा दसऱ्याक नव्या घरात त्याची पूजा करूया."

"बाबा!"

"नाय रे," बाबा म्हणाले. "नुसता फूल."