पानाची खालची बाजू

सुमनताईंना कुठलीही वस्तू उलटी करून बघायची सवय होती. बाजारात वांगं घेताना त्या आधी त्याचं बूड बघायच्या. नव्या लुगड्याचा पदर उलटा करून वीण बघायच्या. मी भिंतीवरून गरम भाकरी दिली, तर तीसुद्धा उलटून बघायच्या आणि म्हणायच्या, "वरून समदंच चांगलं दिसतंय, कस्तूर. खालून बघावं." मला राग यायचा. माझी भाकरी खालून बऱ्याचदा करपलेली असायची.

तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्या उघडल्या, कारकून आले आणि आमच्या गल्लीतल्या रिकाम्या खोल्या भाड्यानं गेल्या. सुमनताईंचे मालक त्या कारकुनांपैकीच. दोघं देगलूरकडची. त्यांची खोली आणि आमचं घर यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत होती. त्या बौद्ध होत्या, म्हणून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्या घरचा चहा घेत नसत. टमाटे मात्र घेत. सुमनताई हसत विचारायच्या, "मावशी, चहाला जात हाय, मग टमाट्याला कशी न्हाई वो?" आत्याबाई ऐकू न आल्यासारखं करायच्या आणि टमाटे पदरात घेऊन आत जायच्या.

पाऊस नव्हता. टँकर आला की गल्लीत घागरींची रांग लागायची. परसातल्या झाडांच्या वाट्याला भांडी विसळलेलं पाणी यायचं, तेही दोन्ही घरांत सारखंच. बीसुद्धा आम्ही एकाच टमाट्याचं वाटून लावलं होतं. म्हणूनच मला जास्त लागायचं. त्यांची झाडं लाल व्हायची आणि माझ्या झाडांची पानं मुरडून वाटीसारखी व्हायची, फूल गळायचं, झाड खुजं राहायचं. गल्लीतल्या बाया भिंतीपलीकडं बघून वाखाणायच्या. मग अलीकडं बघून गप्प व्हायच्या.

आत्याबाई गप्प बसत नसत. "हिच्या हाताला गुण न्हाई," त्या सगळ्यांना सांगायच्या. "इटाळात कुठं तरी शिवली असंल."

मी शिवले नव्हते. महिन्याच्या त्या चार दिवसांत मी मागच्या दाराशी पोत्यावर बसायची. झाडं दिसायची, हात लावायचा नाही. पाणी आत्याबाई घालायच्या, उभ्या उभ्या, वरून. बसल्या जागेवरून मला भिंतीपलीकडं सुमनताई दिसायच्या. त्यांना सासू नव्हती. कुठल्याही दिवशी त्या आपल्या झाडांत असायच्या, गाणं म्हणत. ते गाणं मला सहन व्हायचं नाही.

एकदा त्या भिंतीवर हात टेकून म्हणाल्या, "तुला बसून ऱ्हाता येतं. कुणी ताट आणून म्होरं ठेवतं. मला त्या दिवसांतबी घागरी वढाव्या लागत्यात. लई वाटतं, माझंबी कुणी असतं तर बसले असते." मला वाटलं, माझी थट्टा करतायत. मान वर करून बघितलं तर त्या थट्टा करत नव्हत्या. माझा हेवा करणारी ती एकच बाई मला भेटली आणि तेही नेमकं त्या पोत्यावरून.

मग त्यांनी माझ्या झाडांकडं बोट दाखवलं. "एक सांगू? तू बसतीस, तवाच तुझी झाडं बसत्यात. तुझा हात लागून रोग येत न्हाई, कस्तूर. हात लागत न्हाई, म्हणून येतो. पान उलटून कोण बघतं चार दिवस?"

त्यांनी आपल्या झाडाचं पान उलटून दाखवलं. खाली बारीक पांढऱ्या माश्या चिकटलेल्या होत्या. कपडे धुऊन उरलेल्या साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून त्यांनी ते पान खालून पुसलं. एवढंच त्यांचं औषध.

पुढच्या महिन्यात, त्याच चार दिवसांत, दुपारी आत्याबाईंचा डोळा लागल्यावर, मी तशीच उठले आणि माझी सगळी झाडं खालून पुसली. टमाट्याच्या पानांचा रंग बोटांना हिरवा-काळा चढतो आणि थोड्या पाण्यात निघत नाही. संध्याकाळी आत्याबाई वरून भाकरी टाकायला वाकल्या आणि थांबल्या.

"बोटं बघू."

मी दाखवली.

"शिवलीस झाडाला."

मी बोटं पदराखाली घेतली. भिंतीपलीकडून आवाज आला, "मीच सांगितलं तिला, मावशी. बिनशिवता मेली ती झाडं तुम्ही बघितलाव. आता शिवून मरत्यात का बघू. मेली तर माझी समदी उपटून तुमच्या दारात टाकते."

माझ्या घरात, माझ्या बाजूनं, त्याच बोलल्या. मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, हेही हिलाच जमतं.

त्या दिवसापासून आत्याबाईंनी पलीकडचे टमाटे घेणं बंद केलं. रोज सकाळी त्या माझ्या झाडांपाशी जायच्या, रोग दिसतो का शोधायला. वरून दिसेना, तेव्हा त्या पानं उलटून बघू लागल्या. सुमनताई पलीकडून तोंडाला पदर लावून हसायच्या.

एका झाडाची पानं मुरडलीच. त्याला फुलं होती. ते उपटलं तर आत्याबाईंचं म्हणणं खरं ठरणार होतं आणि ठेवलं तर बाकीची जाणार होती.

"उपट," सुमनताई म्हणाल्या. "दया केलीस की समदी गेली."

मी आत्याबाईंच्या देखत उपटलं आणि चुलीत घातलं. त्या म्हणाल्या, "बघितलंस?" मी खाली बघून बाकीची पानं पुसत राहिले. बाकीची टिकली.

पहिला लाल टमाटा आत्याबाईंनीच तोडला. उलटा करून त्याचं बूड बघितलं. चटणी केली. "आंबट हाय," म्हणाल्या आणि पुन्हा वाढून घेतली. माझ्या हाताबद्दल त्या कधीच काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी मी पोत्यावर बसले तेव्हा आतून एवढंच म्हणाल्या, "चुलीकडं येऊ नको. झाडाचं तू बघ."

वर्षाच्या आत सुमनताईंच्या मालकांची नांदेडला बदली झाली. सामान टेम्पोत चढल्यावर त्या भिंतीपाशी आल्या. "तुझ्या झाडाचा एक पिकलेला टमाटा दे. बी धरते."

"तुमच्या झाडांना काय झालं?"

"माझी चांगलीच हायेत. तुझी रोगातून उठल्यात."

मी सगळ्यात चांगला टमाटा दिला. त्यांनी तो उलटून बघितला, पदरात बांधला आणि गेल्या.

पुन्हा आमची गाठ पडली नाही. नांदेडात त्यांची झाडं वाढली असतील, शेजारच्या बाया वाखाणत असतील, टमाटे पदरात घेऊन जात असतील. ते बी लातूरच्या कस्तूरचं आहे हे त्या बायांना कुठून कळणार, असं माझ्या मनात येतं आणि जीव जळतो. मग वाटतं, सुमनताईंनी सांगितलं असेल. त्यांना बोलता यायचं.